जुनी अद्भुतरम्य बालपुस्तकं जमवताना : कोकणातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर उतरवताना माळ्यावरची ट्रंक खाली येते, आत मुलांची जुनी पुस्तकं निघतात आणि मग फोन येतो: हे ठेवण्यासारखं आहे का? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लोकांनी विचारलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय आहे इतिहास आणि अद्भुत यांची सरमिसळ असलेली बालपुस्तकं: राजपुत्र, भुयारं, वेताळ, मंतरलेल्या तलवारी, गडावरच्या चोरवाटा. ही पुस्तकं मुलांनी अक्षरशः फाटेपर्यंत वाचली आणि जी उरली ती आपल्या दमट हवेने खाल्ली. म्हणून जी आजवर टिकली आहेत त्यांची नीट चौकशी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

या प्रकारात नेमकं काय काय धरायचं?

मराठीत या गोष्टींची वाट जुनी आहे. सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडलेल्या अरबी सुरस आणि चमत्कारिक गोष्टी १८६० च्या दशकातल्या. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. यातलं काहीच आजच्या अर्थाने ‘बालसाहित्य’ म्हणून लिहिलेलं नव्हतं. नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) हीसुद्धा मोठ्यांसाठीच होती, पण पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मुलांनी ती आपलीच करून टाकली. सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंगत्व आल्यानंतर या माणसाने एवढं घोडदौडीचं, कडेकपारीचं जग उभं केलं, हे ते पुस्तक हातात घेताना विसरता येत नाही.

त्याच्या जोडीला मासिकं. ‘बालबोध’ १८८१ मध्ये सुरू करणारे विनायक कोंडदेव ओक आपल्या गुहागर तालुक्यातल्या हेदवीचे. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ चा, मराठी ‘चांदोबा’ १९५२ चा, बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ चा. शिवाय १९६७ पासूनच्या अमर चित्र कथांचे मराठी अंक.

गो. नी. दांडेकरांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत अद्भुत नाही, इतिहास आहे. तरी मी त्या याच कपाटात ठेवतो, कारण त्या वाचणारी मुलं तीच होती. तुम्ही वेगळ्या ठेवल्यात तरी काही बिघडत नाही.

पहिली आवृत्ती ओळखायची कशी?

सर्वात आधी शीर्षकपानाची मागची बाजू पाहा. ‘आवृत्ती पहिली’, ‘आवृत्ती दुसरी’, ‘पुनर्मुद्रण’ असं तिथे बहुतेक वेळा छापलेलं असतं. पण ‘पहिली आवृत्ती’ हे शब्द दिसले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. मराठीत एक पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की नवा प्रकाशक पुष्कळदा आपल्या छपाईला पुन्हा ‘पहिली आवृत्ती’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरंही असतं, पण मूळ पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी दुसरीकडे निघालेलं असू शकतं. म्हणून प्रस्तावना वाचा. प्रस्तावनेखालची तारीख, ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ असा मजकूर, आधीच्या प्रकाशकाचे आभार, हे सगळं तपासल्याशिवाय निकाल देऊ नये.

वर्ष शकात असेल तर त्यात ७८ मिळवा. मात्र शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे पौष-माघापासून, म्हणजे इंग्रजी जानेवारी लागल्यानंतरचं पुस्तक असेल तर ७९ मिळवावे लागतात. शके १८३५ म्हणजे बहुतांशी १९१३, पण त्या शकाच्या शिमग्यात निघालेलं पुस्तक १९१४ चं.

दुसरी गोष्ट, काही कथा आधी मासिकांतून किंवा साप्ताहिकांतून क्रमशः आल्या. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ त्यांच्याच ‘करमणूक’मधून आली. अशा वेळी ‘पहिलं छापील रूप’ आणि ‘पुस्तकाची पहिली आवृत्ती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही जमवण्याजोग्या आहेत.

माझ्या प्रतीची पुढची पानंच गेली आहेत. मग काळ कसा ठरवू?

हा प्रश्न मला सर्वात जास्त आवडतो, कारण कोकणातल्या बहुतेक प्रतींची हीच अवस्था असते आणि तरीही पुस्तक बरंच काही सांगत राहतं.

किंमत शोधा. पुढचं पान गेलं असलं तरी मलपृष्ठावर किंवा शेवटच्या जाहिरातींत ती सापडते. ‘१२ आणे’ अशी आण्यांतली किंमत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. नंतर ‘नये’ गेलं आणि नुसते पैसे राहिले.

प्रकाशकाचा पत्ता पाहा. ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर १९७२ पूर्वीचा संभव जास्त. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. काही प्रकाशक नंतरही सवयीने जुना पत्ता छापत राहिले, म्हणून हा पुरावा एकटा धरू नये. पिनकोड छापलेला असेल तर मात्र पुस्तक त्याआधीचं नाही, हे नक्की.

मग भाषा. ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यानें’ असे अनुस्वार जागोजाग दिसले तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची छपाई असण्याची शक्यता मोठी. ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशी अ ची बाराखडी दिसली तर ती सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या प्रभावातली. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि या सुधारणेचा त्यांनी तिथूनच हिरिरीने प्रचार केला. अशी बाराखडी असलेलं मुलांचं पुस्तक मिळालं तर जपून ठेवा.

आणि आपल्या भागाला खास उपयोगी पडणारा पुरावा म्हणजे शिक्के. मालवण किंवा वेंगुर्ल्याच्या शाळेच्या शिक्क्यात ‘जि. रत्नागिरी’ असेल तर तो शिक्का १९८१ पूर्वीचा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. महाड-अलिबागकडच्या शिक्क्यात ‘जि. कुलाबा’ असेल तर तोही त्याच सुमाराआधीचा. रायगड हे नाव १९८१ चं. ‘सावंतवाडी संस्थान’ किंवा ‘जंजिरा संस्थान’ असा शिक्का असेल तर आपण १९४८ च्या विलीनीकरणाच्या मागे गेलो. शिक्का पुस्तक कधी छापलं ते सांगत नाही, पण त्या तारखेला पुस्तक अस्तित्वात होतं, एवढं तो पक्कं करतो.

उदाहरण देतो. माझ्याकडच्या एका राजपुत्राच्या कथेला मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत. पाचव्या पानावर जांभळ्या शाईचा कुलाबा जिल्ह्यातल्या शाळेचा गोल शिक्का आहे. शेवटच्या पानावर त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी आहे, किमती आण्यांत. मजकुरात अनुस्वार ठासून भरलेले. पान दिव्यासमोर तिरकं धरलं की मागच्या बाजूला अक्षरांचे बारीक उंचवटे बोटाला लागतात, म्हणजे खिळ्यांची, शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली छपाई. एका ठिकाणी ‘रा’चा काना वरच्या बाजूला तुटलेला आहे आणि तो तुटका काना पुढच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांच्या पुढच्या गटात, पुन्हा भेटतो. एवढ्यावरून पुस्तक १९५७ पूर्वीचं म्हणायला हरकत नाही.

आवृत्ती कितवी, हे ठरवायला एक तुलना करता येते. लहान छापखान्यांकडे खिळे मोजके असत. फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकत. त्यामुळे पुढची आवृत्ती नव्याने जुळवावी लागे आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत. एखाद्या वाचनालयात त्याच पुस्तकाची पुढचं पान शाबूत असलेली प्रत असेल तर तिथे जाऊन पाच-सहा पानांच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी जुळवून पाहा. ओळी तंतोतंत जुळल्या तर बहुधा एकच जुळणी. जुळल्या नाहीत तर आवृत्ती निराळी.

‘संक्षिप्त आवृत्ती’ घ्यावी का?

घ्यावी, पण ती संक्षिप्त आहे हे नोंदवून. जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्या मुलांसाठी कापून काढल्या गेल्या तेव्हा कधी निम्मं पुस्तक गेलं. चित्रं मात्र पुष्कळदा अशा आवृत्त्यांतच जास्त आणि सुंदर असतात.

वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक विकत घेणं योग्य आहे का?

आधी ते वाचनालयातून रीतसर बाहेर पडलं आहे का, हे पाहा. वाचनालयं जीर्ण पुस्तकं ठराव करून निर्लेखित करतात. अशा पुस्तकावर ‘निर्लेखित’ किंवा ‘रद्द’ असा शिक्का किंवा शेरा असायला हवा. तो नसेल, दाखल क्रमांक अजून ठळक असेल आणि वाचनालय चालू असेल, तर त्यांना एक फोन करा. पुस्तक त्यांचं असेल तर परत करा. यात मला तडजोड मान्य नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आणि चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. किनाऱ्यावर मुलांची पुस्तकं टिकली ती प्रामुख्याने अशाच संस्थांमुळे. त्यांच्या कपाटातून निसटलेल्या पुस्तकावर आपला संग्रह उभा राहू नये.

रीतसर आलेली वाचनालयाची प्रत मात्र आनंदाने घ्या. तिचा दोष एकच: वाचनालयाच्या बांधणीत मूळ मुखपृष्ठ बहुतेक वेळा काढून टाकलेलं असतं आणि समास कापलेले असतात.

मुखपृष्ठ नसेल तर पुस्तकाला काही अर्थ उरतो का?

मजकुरासाठी उरतो. पण या प्रकारात मुखपृष्ठ हे अर्धं पुस्तक आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, यांनी मराठी मुखपृष्ठाला जो रंग दिला तो त्या काळच्या मुलांच्या डोळ्यांसमोरचा इतिहास होता. शिलेदार कसा दिसतो, राजकन्येच्या कानात काय असतं, हे मुलं तिथूनच शिकली. सही कोपऱ्यात असते. मुखपृष्ठ कापलेलं असेल तर सहीच जाते, म्हणून कडा पाहा.

सुटं मुखपृष्ठ मिळालं तरी टाकू नका. पुढेमागे त्याचं पुस्तक भेटतं. ते चिकटवू मात्र नका, आत जाड, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवा.

चांदोबाचे अंक जमवताना काय पाहायचं?

पानांची संख्या, मधली पिन आणि रंगीत चित्रं. कोकणात पिना हमखास गंजतात. खाऱ्या हवेत पिनेभोवतीचा कागद आधी तपकिरी होतो, मग कुजतो आणि मधलं पान सुटून पडतं. म्हणून सुटं मधलं पान आहे की नाही, हे आधी मोजावं. गंजलेली पिन सोडवून काढावी, ओढून काढू नये. तिचे वळलेले दोन्ही पाय सरळ करून सावकाश सोडवावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालावा.

विक्रम-वेताळाचं ते प्रसिद्ध चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार, ते चित्रकार शंकर यांचं. वड्डादि पापय्यांची मुखपृष्ठं वेगळी ओळखू येतात, रेषा मऊ आणि रंग पाण्यात सोडल्यासारखे. अद्भुत धारावाहिक कथा मात्र अनेक अंकांत चालत, त्यामुळे एकटा अंक वाचून समाधान होत नाही. माझा सल्ला असा की, वर्षानुवर्षांचा पूर्ण संच करायच्या मागे लागण्यापेक्षा एखादी धारावाहिक कथा पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत पुरी करा. वाचायलाही मिळते.

घरीच दोऱ्याने शिवून, पुठ्ठा लावून केलेले वार्षिक खंड कोकणातल्या घरांत बरेच सापडतात. ते उसवून अंक सुटे करू नका.

जुनी इंग्रजी पुस्तकंही निघतात. ती याच प्रकारातली आहेत का?

काही नक्की आहेत. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचं ‘पक ऑफ पूक्स हिल’ आणि ई. नेस्बिटचं ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’, दोन्ही १९०६ ची. दोन्हींत मुलं आणि इतिहास जादूने एकमेकांना भेटतात आणि लंडनच्या दोन्ही आवृत्त्यांत चित्रं एच. आर. मिलर यांचीच आहेत. किपलिंगच्या त्याच पुस्तकाच्या १९०६ च्या अमेरिकन आवृत्तीत मात्र आर्थर रॅकम यांची चित्रं आहेत. ‘चित्रं वेगळी, म्हणजे प्रत नकली’ असं म्हणून कोणी टाकून देऊ नये, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

किपलिंगच्या मॅकमिलनकडच्या लाल कापडी बांधणीवर सोनेरी हत्तीचं मस्तक आणि स्वस्तिक असे. नाझींच्या उदयानंतर ते स्वस्तिक काढून टाकलं गेलं. त्यामुळे स्वस्तिक असलेली प्रत साधारण १९३० च्या दशकाच्या मध्याआधीची समजायला हरकत नाही, पण तेवढ्यावरून ती पहिली आवृत्ती ठरत नाही.

आपल्याकडे बोटीने आणि नंतर एसटीने मुंबईहून आलेल्या पुस्तकांत वसाहतींसाठी काढलेल्या आवृत्त्याही असतात. मॅकमिलनची अशी माला १८८६ पासून होती. ‘फक्त हिंदुस्थान आणि ब्रिटिश वसाहतींत विक्रीसाठी’ अशा अर्थाचा मजकूर आत छापलेला असतो. इंग्लंडमधले संग्राहक पूर्वी या प्रतींकडे दुर्लक्ष करत. मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण आपल्या आजोबा-पणजोबांनी जे खरोखर वाचलं ते हेच.

पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळायची?

तयारी मे महिन्यात करायची, मृग लागल्यावर नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते आणि आपल्याकडे जुलैत ती दिवसेंदिवस ९० च्या आसपास असते. साधं डिजिटल आर्द्रतामापक फार महाग नसतं. कपाटात एक ठेवा, म्हणजे अंदाजावर चालावं लागणार नाही.

मे महिन्याच्या कोरड्या दिवशी प्रत्येक पुस्तक उघडून, मऊ ब्रशने झटकून, सावलीत वारा द्या. थेट उन्हात अजिबात घालू नका. ऊन कागद पिवळा करतं, मुखपृष्ठाचा रंग खातं आणि पुठ्ठा वाकवतं. आपल्याकडे पापड-कुरडयांबरोबर पुस्तकंही अंगणात वाळत घालायची पद्धत होती. तिच्यामुळे कीड गेली असेल, पण पुष्कळ पुस्तकांचे कणे कडकडून मोडलेही.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पश्चिमेच्या भिंतीला, जिथे पावसाचा मारा असतो, तिथे तर ठेवूच नका. जांभ्याची भिंत ओल धरून ठेवते. फडताळ दिसायला सुंदर असतं, पण भिंतीतच असल्याने पुस्तकांसाठी ते वाईट. लोखंडी कपाट वाळवीपासून वाचवतं, पण आत दव धरतं, म्हणून त्यात सिलिका जेल हवंच. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवे. रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर मूळ रंग येईपर्यंत तापवा आणि पुन्हा वापरा.

फार मोलाच्या प्रती एप्रिल-मेमध्ये, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, हवाबंद डब्यात सिलिका जेलसह बंद करा आणि दसऱ्यानंतरच उघडा. हेच काम जुलैत केलंत तर ओलच डब्यात कोंडाल आणि महिन्याभरात पानांवर हिरवट मखमल उगवेल.

कसर आणि वाळवीचं काय?

आधी कोण खातंय ते पाहा. कसर पानाचा वरचा थर खरवडते, तिला खळ आणि सरस प्रिय. गोल, आरपार भोकं आणि तळाशी पिठासारखी भुकटी असेल तर ती पोखरणारी अळी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि मग प्रश्न पुस्तकाचा नाही, घराचा आहे. त्याच दिवशी पुस्तकं हलवा.

वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायची आपली जुनी रीत चांगली आहे. कडुलिंबाची पानं ठेवायची तर पूर्ण वाळलेली, आणि पुस्तकाच्या आत नाही, कपाटाच्या कोपऱ्यात. पानांच्या मध्ये दाबलेल्या पाल्याचे डाग कायमचे राहतात.

अळी लागलेली प्रत घट्ट पिशवीत हवा काढून बंद करावी आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पूर्ण एक दिवस तशीच राहू द्यावी, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. वीज तासन्‌तास जात असेल अशा गावात हा उपाय करून उपयोग नाही.

फाटलेली पानं घरी दुरुस्त करू का?

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते, गोंद कागदात मुरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा उरतो. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ हा खरा उपाय, कारण ती पुन्हा पाण्याने सोडवता येते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नसे हे खरं, पण तांब्याचा तो क्षार कागदाला हळूहळू ठिसूळ करतो. बाइंडरकडे देत असाल तर मोरचूद नको आणि समास कापू नका, हे दोन्ही तोंडाने सांगा आणि कागदावरही लिहून द्या.

बाकी, जे पान हलत नाही त्याला हात लावू नका.

पुस्तकं पुरात भिजली तर?

२००५ आणि २०२१ च्या पुरांनी हा प्रश्न चिपळूणकरांच्या घरात आणला, तिथल्या वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. चिखल लागलेलं पुस्तक मिटूनच स्वच्छ पाण्यात हलकं धुवा, पानं उघडून घासू नका. चकचकीत कागदाची पुस्तकं आधी घ्या, ती वाळताना पानं एकमेकांना चिकटून वीट बनते आणि मग काही करता येत नाही. बाकीच्यांत मधे मधे कोरा शोषक कागद घाला, दर काही तासांनी बदला, पंख्याखाली उभी ठेवा. एकदम सगळ्यांकडे पाहणं जमत नसेल तर पिशव्यांत घालून गोठवून ठेवा. गोठवलेलं पुस्तक थांबतं, सवडीने एकेक काढून वाळवता येतं. मासे साठवणाऱ्यांचं शीतगृह जवळ असेल तर विचारा. किनाऱ्यावर ही सोय आहे, आणि अडचणीच्या वेळी माणसं नाही म्हणत नाहीत.

अशी पुस्तकं मिळतात कुठे?

घरांतून. मे महिन्यात आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की जुन्या घराची साफसफाई होते, तेव्हाच पुस्तकं रद्दीत जातात. तालुक्याच्या गावच्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवा आणि त्याला किलोच्या भावापेक्षा जास्त पैसे द्या. तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवेल. निवृत्त शिक्षकांना विचारा. मुंबई-पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतं, पण तिथे निवडलेलं मिळतं. गावच्या ट्रंकेत एका मुलाने वाचलेलं सगळं एकत्र असतं, आणि ते एकत्र राहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कुणाच्या घरून घेत असाल तर आजी-आजोबांसमोर घ्या. पुस्तक कुणाचं होतं, कुठून आलं, हे त्या दहा मिनिटांत कळतं, नंतर कधीच कळत नाही.

किंमत किती द्यावी?

ठरलेला बाजारभाव नाही. मूळ मुखपृष्ठ, सगळी चित्रं, सगळी पानं आणि आवृत्तीचा पुरावा या चार गोष्टींवर किंमत ठरते, वयावर नाही. ‘दुर्मिळ’ हा शब्द ऐकून घाईने पैसे मोजू नका.

आत लिहिलेली नावं, रंगवलेली चित्रं पुसून टाकावीत का?

मुळीच नको. ‘इयत्ता चौथीत दुसरा क्रमांक आल्याबद्दल’ अशी चिठ्ठी, आत्याने वाढदिवसाला दिल्याची ओळ, पेन्सिलने राक्षसाला काढलेल्या जास्तीच्या मिशा, हे सगळं त्या प्रतीचं चरित्र आहे. पुसायला गेलात तर कागदही जातो. शिसपेन्सिलीची नवी खूण तेवढी मऊ रबराने काढता येते.

नोंद कशी ठेवावी?

साधी दोनशे पानी वही पुरे. नाव, लेखक, चित्रकार, प्रकाशक, छापखाना, आवृत्ती आणि ती कशावरून ठरवली, पानं, दोष, कुणाकडून आली, कधी. ‘कशावरून ठरवली’ हा रकाना विसरू नका. छापखान्याचं नावही लिहा, लोक ते गाळतात आणि पुढे तेच सर्वात कामाला येतं.

स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवली तर चालेल का?

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ही साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांचं लेखन खुलं आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं झालं. गो. नी. दांडेकर १९९८ मध्ये आणि भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं परवानगीशिवाय पसरवू नयेत. चित्रांचा हक्क वेगळा असू शकतो. दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे मजकूर खुला असला तरी त्यांच्या चित्रांबद्दल प्रकाशकाला विचारावं लागेल. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनेच सर्वांसाठी खुले केले आहेत, ते आधी तिथे पाहा.

स्कॅन करताना पुस्तक पूर्ण सपाट दाबू नका, कणा मोडतो. शंभर अंशांच्या आसपास उघडून, दोन्ही बाजूंना उशा लावून, वरून मोबाइलने फोटो घ्या. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, जाहिराती आणि शिक्के यांचेही घ्या. मूळ प्रत घरात ठेवणं जमणार नसेल तर नोंदवहीच्या प्रतीसकट जवळच्या वाचनालयाला द्या, आणि देताना पुस्तक संदर्भ विभागात राहील, घरी देण्यासाठी जाणार नाही, एवढं लेखी घ्या.